मधपाळाच्या दारीं माहिती केव्हां पोंचणार?

(२० मे रोजीं, जागतिक मधमाशी दिनीं, सह्याद्रींतील एका गांवीं भरलेल्या मधपाळांच्या सभेंत एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



आरंभींच सांगतों कीं मी मधपाळ नाहीं. मी तुमच्या पोरांचा मास्तर. अध्यापक विद्यालयांतून शिकून नोकरीस लागलों त्याला वीस वर्षांहून अधिक झालीं, आणि त्यांतील बरींच वर्षें ह्याच डोंगरपट्टींत गेलीं. शाळेच्या मागें सातेरी माशीच्या दोन पेट्या आहेत, त्या पोरांना दाखविण्यापुरत्या. येथें बसलेल्या म्हाताऱ्या मंडळींनीं जेवढे डंख खाल्ले असतील तेवढे घांसहि मीं मधाचे खाल्ले नसतील. तेव्हां माशी कशी पाळावी हें मी तुम्हांला शिकवूं लागलों तर तो निव्वळ आगाऊपणा होईल. मला बोलावयाचें आहे तें निराळ्या गोष्टीवर. माशीविषयींचें ज्ञान जगांत पुष्कळ आहे. तें मधपाळाच्या दारापर्यंत कां येत नाहीं, आणि यावें म्हणून आपण काय करूं शकूं, एवढेंच मी बोलणार आहें.

आजच्या तारखेची हकीकत पहिल्यानें सांगतों. युरोपांत स्लोव्हेनिया नांवाचा एक लहानसा डोंगराळ देश आहे. तेथें १७३४ सालीं एका शेतकऱ्याच्या घरीं आंतोन यान्शा नांवाचा मुलगा जन्मास आला. २० मे ही त्याच्या जन्माची तारीख धरतात. घरीं मधमाशा होत्या; पोरगा त्यांच्यांतच वाढला. पुढें तो चित्रकला शिकण्यासाठीं व्हिएन्ना शहरीं गेला. पण १७७० सालीं ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिनें त्याला नेमलें तें मधमाशीपालनाचा शिक्षक म्हणून. त्या काळचे पंडित पुस्तकांत लिहीत कीं नर माशा पाणी वाहून आणतात. यान्शानें पेटीपुढें बसून पाहिलें आणि तसें नाहीं म्हणून सांगितलें. १७७३ सालीं तो वारला. त्याच्या पाठीमागें त्याच्याच पद्धतीनें शिकवावें असा हुकूम राणीनें काढला. संयुक्त राष्ट्रसंघानें २०१७ च्या डिसेंबरांत ठराव करून २० मे हा मधमाशीचा दिवस ठरविला तो ह्या शेतकऱ्याच्या पोराच्या आठवणीसाठीं. मोठमोठे शास्त्रज्ञ होऊन गेले, पण दिवस पाळला जातो तो ज्यानें चार लोकांना उघड शिकविलें त्याच्या नांवानें. मला ही निवड फार आवडली. मी मास्तर असल्यामुळें आवडली असेल, तेंहि कबूल करतों.

आतां आपल्याकडची गोष्ट. ही सांगतांना मला लाज वाटते, पण सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं.

मी पूर्वीं ज्या गांवीं होतों तेथें एक विधवा बाई आहेत. सारा गांव त्यांना काकी म्हणतो, मीहि काकीच म्हणतों. नवरा गेल्यावर दोन मुली आणि दीड एकर वरकस जमीन एवढाच संसार राहिला. त्यांत काकींनीं सातेरीच्या आठ पेट्या उभ्या केल्या. जांभळाचा आणि हिरड्याचा मध निघाला कीं मुलींचीं वह्यापुस्तकें, चपला, एस.टी.चा पास हें सारें त्यांतून सुटे. २०१४ सालीं दिवाळी सरल्यावर एके दिवशीं काकी शाळेंत आल्या. पळसाच्या पानांत पोळ्याचा एक तुकडा गुंडाळून आणला होता. "मास्तर, हें काय झालंय बघा," म्हणाल्या. मीं पाहिलें. पोळ्याच्या कप्प्यांत अळ्या मरून पडल्या होत्या. डोकें वर उचललेलें, नांवेसारखा आकार, आणि काडीनें उचलली कीं पाण्यानें भरलेली बारीक पिशवी लोंबावी तशी अळी बाहेर येई. मला कांहीं कळलें नाहीं. "तालुक्याला दुकानांत दाखवा," असें सांगून मी वर्गांत गेलों.

दुकानदारानें कोंबड्यांसाठीं आलेली एक भुकटी दिली. काकींनीं ती साखरेच्या पाकांत मिसळून माशांना घातली. रोग हटेना. मग त्यांनीं स्वतःच्या अकलेनें एक उपाय केला. आजारी पेटींतील चौकटी काढून धडधाकट पेट्यांत बसविल्या. हेतू हा कीं सशक्त माशा अशक्त पिल्लांना संभाळून घेतील. माणसांत असेंच करतात ना? आजाऱ्याला चांगल्या घरीं नेऊन ठेवतात. ह्यांत काकींची चूक काय? पण त्या एका कृतीनें आठहि पेट्यांना रोग लागला. मीं एका कचेरीला पत्र लिहिलें. तीन महिन्यांनीं उत्तर आलें कीं आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठीं पाठविण्यांत आला आहे. तोंपर्यंत सात पेट्या रिकाम्या झाल्या होत्या. आठवींतल्या माशा एके सकाळीं उठून गेल्या. थोरली मुलगी त्या वर्षीं दहावींत होती. तिचें पुढचें शिक्षण तेथेंच थांबलें.

उन्हाळ्याच्या सुट्टींत मी शाळेचें कपाट आवरायला काढलें. त्यांत एक चोपडी सांपडली. इंग्रजींत होती, चित्रें रंगीत होतीं. चाळतां चाळतां एका पानावर माझा हात थांबला. काकींनीं पळसाच्या पानांत आणली होती तीच अळी त्या चित्रांत होती. रोगाचें नांव थाय सॅकब्रूड. खालीं लिहिलें होतें: हा विषाणूचा रोग आहे, ह्यावर औषध नाहीं, आजारी पेटींतील चौकट दुसऱ्या पेटींत घालूं नये, राणीला कांहीं दिवस कोंडून अंडीं घालणें थांबवावें, म्हणजे रोगाला नवी अळी मिळत नाहीं, ज्या वसाहती रोगांतून तगतात त्यांच्यापासून पुढची पैदास करावी. चार ओळी होत्या. ती चोपडी शाळेंत तीन वर्षांपूर्वीं आली होती. आवक नोंदवहींत तिची नोंद होती आणि नोंदीखालीं सही माझी होती.

मंडळी, मी हें सांगतों तें कचेरीला नांवें ठेवण्यासाठीं नव्हे. कचेरीनें तीन महिने लावले, मीं तीन वर्षें लावलीं.

आणखी ऐका. हा रोग नवा नव्हता. १९७६ सालीं तो थायलंडांत ओळखला गेला, म्हणून त्याला तें नांव पडलें. १९७८ मध्यें तो आपल्या देशांत मेघालयाकडे दिसला. १९९१-९२ च्या सुमारास केरळ-कर्नाटकांत शिरला आणि दक्षिणेंतील बहुतेक सातेरी वसाहती त्यानें धुऊन नेल्या. म्हणजे काकींच्या पेट्या बसल्या त्याच्या वीस वर्षें आधीं केरळांतील हजारों कुटुंबांनीं हाच घाला सोसला होता आणि त्यांतून काय करावें, काय करूं नये हें कळलेलें होतें. रोगाला डोंगर ओलांडून यायला वेळ लागला नाहीं. त्याची माहिती मात्र मागें राहिली.

हें दुखणें आपल्या एकट्याचें नाहीं. गरीब देशांतील सगळ्याच मधपाळांचें आहे. इथिओपियाचें उदाहरण घ्या. आफ्रिकेंत सर्वांत जास्त मध त्या देशांत होतो, आणि तेथील बहुतेक माशा अजून झाडाला टांगलेल्या लांबट गोल पोळ्यांत, म्हणजे पोकळ ओंडक्यांत, बांबूच्या किंवा वेताच्या विणलेल्या टोपल्यांत राहतात. मधपाळ झाडावर चढतो, रात्रीं धूर करतो, मध काढतो. त्याला त्याची माशी चांगली कळते. पण बाहेर नवीन काय शोध लागला, बाजारांत भाव काय, शेजारच्या जिल्ह्यांत कोणता रोग आला हें त्याला कोण सांगणार?

ह्या कामाला इंग्लंडांत एका बाईंनीं हात घातला. ईव्हा क्रेन त्यांचें नांव. जन्म १९१२ चा. शिक्षण गणिताचें व पदार्थविज्ञानाचें. १९४२ सालीं त्यांचें लग्न झालें तेव्हां महायुद्ध चालू होतें, साखर रेशनवर होती, म्हणून कोणीं तरी आहेर म्हणून त्यांना माशांची पेटी दिली. तेथून त्यांचें सारें आयुष्य माशांच्या मागें गेलें. १९४९ सालीं त्यांनीं मधमाशी संशोधनाची एक संस्था काढली. जगांत कोठेंहि माशीवर कांहीं छापलें गेलें तर तें मिळवावें, त्याचा सारांश लिहावा, आणि विचारील त्याला द्यावा, हा त्यांचा उद्योग. पुढें १९७६ मध्यें लंडनला उष्ण देशांतील मधमाशीपालनावर पहिली परिषद भरली. त्या परिषदेनंतर ही गोष्ट अधिक ठळक झाली कीं थंड देशांतील मोठ्या माशीसाठीं लिहिलेलीं पुस्तकें उष्ण देशांतल्या गरीब मधपाळाच्या फारशीं उपयोगाचीं नाहींत. १९९३ सालीं निकोला ब्रॅडबेअर ह्या बाईंनीं वेल्स प्रांतांत 'बीज फॉर डेव्हलपमेंट' नांवाची संस्था सुरू केली. ती एक त्रैमासिक काढते, आणि ज्यांना वर्गणी परवडत नाहीं अशा देशांतील मधपाळांना तें फुकट पाठविते. कोठें मधपाळांचा वर्ग भरणार असेल तर तेथें वाटण्यासाठीं छापील साहित्याची पेटीहि धाडते. त्या त्रैमासिकांत खेड्यांतील लोकांचींच पत्रें येतात, कोणी टोपलीला शेण-माती कशी लिंपली तें लिहितो, कोणी मेण कसें गाळलें तें कळवितो. माझ्या मतें त्यांतील सर्वांत मोलाचीं पानें तींच.

पण तेंहि इंग्रजींतच. इंग्रजी येणाऱ्या माणसाशिवाय तें पुढें सरकत नाहीं, आणि इंग्रजी येणारा माणूस बहुधा माझ्यासारखा असतो, म्हणजे सही करून कपाटांत ठेवणारा.

केवळ भाषा बदलली म्हणजे झालें असेंहि नाहीं. केनिया देशांत १९७० नंतरच्या कांहीं वर्षांत एक निराळी पेटी तयार झाली. लांबट खोका, वर ओळीनें काठ्या, चौकटीची भानगड नाहीं. माशा त्या काठ्यांनाच पोळीं लटकवितात. गांवचा सुतार ती सहज करतो. फार सोयीची वस्तु. परंतु तिच्या काठीची रुंदी ३२ मिलिमीटर ठेवली आहे ती आफ्रिकेच्या माशीच्या मापानें. आपली सातेरी तिच्याहून लहान. तेंच माप उचलून येथें सांगणारा मनुष्य मराठींत सांगेल, गोड बोलेल, आणि तरी चुकीचेंच सांगेल.

मापावरून आपल्या सुतारांची गोष्ट आठवली. सुतारमंडळी येथें बसली आहेत, त्यांनीं राग मानूं नये. आमच्या पट्टींत एका योजनेखालीं पेट्या करावयाच्या होत्या. एका जाणत्या सुताराला कागदावर आंखलेला नकाशा मिळाला. त्यानें सागाची सुबक पेटी केली, पॉलिश देखील मारलें. फक्त चौकट आणि भिंत ह्यांमधली फट त्याला फार बारीक वाटली. चौकट अडकूं नये म्हणून त्यानें ती बोटभर केली. झालें! माशांनीं त्या फटींत आडवीं पोळीं बांधून चौकटी भिंतीला जोडून टाकल्या. चौकट उपसली कीं पोळें फाटे, मध सांडे, माशा चिरडत. लोक म्हणूं लागले, पेटीच अपशकुनी.

त्या फटीचें कारण त्याला कोणीं सांगितलेंच नव्हतें. अमेरिकेंत लँगस्ट्रॉथ नांवाचा एक पाद्री होता. तोहि कांहीं काळ शाळामास्तर होता. १८५१ सालीं त्याच्या ध्यानांत आलें कीं सुमारें ३/८ इंच एवढी फट ठेवली तर माशी तीत कांहीं बांधीत नाहीं, ती जाण्यायेण्याची वाट म्हणून मोकळी ठेवते. फट त्याहून मोठी झाली कीं तेथें पोळें बांधते. जगांतील सगळ्या चौकटीच्या पेट्या ह्या एका गोष्टीवर उभ्या आहेत. आपल्या सातेरीला ती वाट सात-आठ मिलिमीटरच पुरते. हें कारण मीं त्या सुताराला एकदां सांगितलें. तो घटकाभर गप्प बसला. दुसऱ्या दिवशीं त्यानें शिसवीची एक पट्टी तासून आणली, बरोबर त्या जाडीची. आतां प्रत्येक पेटी झाली कीं ती पट्टी फिरवून पाहतो. नकाशा त्यानें फेंकून दिला आहे. त्याला आज्ञा दिली होती, कारण दिलें नव्हतें, एवढाच काय तो फरक. ज्यांना हातानें काम करायचें त्यांना फक्त आज्ञा पुरे आणि कारणें शिकलेल्यांसाठीं राखून ठेवावीं, ही जी जुनी खोड आहे ती माहिती देणाऱ्यांच्या अंगांतून अजून गेलेली नाहीं.

स्वित्झर्लंडांतील ह्यूबर नांवाच्या विद्वानाची गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. तो आंधळा होता. तरी माशीवरचें त्याचें पुस्तक १७९२ सालीं निघालें आणि जगांत गाजलें. त्याच्या पुस्तकांतील बहुतेक सगळें पाहणारे डोळे त्याच्या चाकराचे, फ्रान्स्वा ब्युर्नेंस ह्याचे होते. धनी प्रश्न काढी. चाकर माशांत हात घालून, एकेक माशी उचलून उत्तर शोधी. ह्यूबरनें तें मोकळ्या मनानें लिहून ठेवलें म्हणून तरी ब्युर्नेंसचें नांव आज आपणांस कळतें.

आपल्या रानांत असे ब्युर्नेंस किती आहेत! कड्यावरचें आग्या मोहोळ कोणत्या महिन्यांत येऊन बसतें, कोणत्या वाऱ्याला उठतें, कारवी फुलायचें वर्ष कोणतें, हें कातकरी आणि महादेव कोळी बांधवांना ठाऊक आहे, धनगरांना ठाऊक आहे. कागदावर त्यांतलें कितीसें आलें? कचेरींतून येणारी माहिती वरून खालीं येते; खालून वर जाण्याची वाट अजून नीट बांधलेली नाहीं. दक्षिणेंत नीलगिरीवर कोटगिरी येथें कीस्टोन फाउंडेशन नांवाची संस्था १९९३ पासून काम करते. कड्यावरून मध काढणाऱ्या आदिवासींबरोबर तिनें पुष्कळ काम केलें आहे, आणि आदिवासी बोलींतून बोलणारें एक लहानसें रेडिओ केंद्रहि चालविलें आहे. डोंगरांतला मनुष्य आपल्याच बोलींत बोलतो, शेजारच्या पाड्यावर तें ऐकूं येतें. माहितीची सेवा म्हणतात ती ही.

रेडिओचें नांव काढलें म्हणून आठवलें. ह्या बाबतींत आपला महाराष्ट्र एके काळीं मागें नव्हता. १९५६ सालीं आकाशवाणीनें युनेस्कोच्या मदतीनें पुण्याहून एक प्रयोग केला. पुणें, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर ह्या पांच जिल्ह्यांतील सुमारें दीडशें गांवांत मंडळें काढलीं. आठवड्यांतून दोनदां, अर्धा तास, शेतीवरील कार्यक्रम लागे. एकूण वीस कार्यक्रम झाले. पण खरी गंमत कार्यक्रम संपल्यावर सुरू होई. ऐकणारी मंडळी तेथेंच बसून ऐकलेल्या गोष्टीवर खल करीत, पटलें तें ठरवीत, आणि न समजलेलें प्रश्नरूपानें पुण्याला लिहून धाडीत. पुढच्या कार्यक्रमांत त्यांस उत्तर मिळे. ऐका, चर्चा करा, आचरा, असा त्याचा क्रम होता. आज प्रत्येकाच्या खिशांत फोन आहे. त्यांत माशीवरचीं चलच्चित्रें पाहिजेत तेवढीं दिसतात. पण त्यांतला मनुष्य पंजाबच्या मोहरीच्या शेतांतून बोलत असतो, त्याची माशी युरोपांतून आलेली मेलिफेरा असते, आणि आपण जुलैच्या धुवांधार पावसांत बसून त्याचें ऐकतों. त्याला प्रश्न विचारावा तर तो कोण, कोठला, कांहीं ठाऊक नाहीं. मागें एका पोरानें तसें पाहून भर पावसाळ्यांत रोज पेटी उघडावयास सुरुवात केली. माशा गेल्या. पावसाळ्यांत आपल्याकडे काम असतें तें पेटीचा तळ झाडून मेणकिड्याच्या अळ्या काढण्याचें आणि उपासमार असेल तर संध्याकाळीं पाक देण्याचें, तेंहि झटपट. हें त्या चित्रांत नव्हतें, कारण तेथें असा पाऊसच नाहीं.

सरकार कांहींच करीत नाहीं असें मी म्हणणार नाहीं. महाबळेश्वरला राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचें मध संचालनालय आहे. पुण्याला १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. २०२२ सालीं महाबळेश्वर तालुक्यांतील मांघर हें देशांतील पहिलें मधाचें गांव म्हणून जाहीर झालें. केंद्र सरकारनें मधुमक्षिकापालनाच्या राष्ट्रीय अभियानासाठीं ५०० कोटी रुपये मंजूर केले, आणि मधपाळांची नोंद व्हावी, मध कोठून आला ह्याचा माग लागावा म्हणून २०२१ सालीं मधुक्रांति नांवाची नोंदणीची सोय संगणकावर केली. शेतकऱ्यांना फुकट सल्ला देणारें किसान कॉल सेंटर २००४ पासून आहे. त्याचा क्रमांक १८००-१८०-१५५१, सकाळीं सहापासून रात्रीं दहापर्यंत, आणि तेथें मराठींत बोलतां येतें. हा क्रमांक येथें किती जणांना पाठ होता? हात वर करा. ... बरें, चार. हे चार हात पाहिल्यावर मला पुढें कांहीं बोलावयास नको.

दुसरी एक गोष्ट. मधपाळाची माहिती मधपाळालाच देऊन भागत नाहीं. माशी चरावयास जाते ती दुसऱ्याच्या शेतांत. तेथें फुलोऱ्यावर सकाळीं औषध मारलें कीं दुपारीं पेटीपुढें मेलेल्या माशांचा सडा पडतो. मारणाऱ्याचा द्वेष नसतो, त्याला ठाऊकच नसतें. बीजाच्या कांद्याला दाणा भरतो, सूर्यफूल, कारळा भरतो तो पुष्कळ अंशीं ह्याच माशांच्या पायीं. फुलोऱ्यांत औषध टाळावें, टाळतां येत नसेल तर सूर्य मावळल्यावर माशा घरीं गेल्या म्हणजे मारावें, आणि शेजारच्या पेटीवाल्याला आदल्या दिवशीं निरोप द्यावा. निरोप! ह्यापेक्षां स्वस्त माहितीची सेवा कोणती? ह्याला ना छापखाना लागतो, ना अनुदान.

भावाविषयीं थोडें. डिसेंबर २०२० मध्यें दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट ह्या संस्थेनें बाजारांतील १३ कंपन्यांचे मध तपासविले; सगळ्या कसोट्यांना फक्त ३ उतरले. बाकीच्यांत साखरेच्या पाकाची भेसळ दिसली. ही बातमी शहरांत गाजली. आपल्या मधपाळाला ती ठाऊक असती तर दारावर येणारा व्यापारी "तुमचा मध पातळ, तुमचा मध काळा" म्हणून भाव पाडतो तेव्हां त्याला दोन शब्द बोलतां आले असते. अर्थात् आपणहि कच्चा मध काढूं नये. कप्प्यांवर मेणाचें झांकण बसल्यावरच चौकट यंत्रांत घालावी. पाण्याचा अंश शंभरांत वीसपेक्षां जास्त असेल तर कायद्यानें तो मध चालत नाहीं, आणि तो आंबतोहि. जांभळाचा मध काळसर असतो तो त्याचा दोष नव्हे, हें गिऱ्हाइकाला सांगण्याचें कामहि आपलेंच आहे.

आतां करावयाचें काय? मोठी योजना मजजवळ नाहीं. काकींच्या प्रकरणानंतर मीं ज्या दोन-तीन गोष्टी शाळेंत सुरू केल्या त्या सांगतों.

एक नोंदवही केली आहे. दर शनिवारीं शाळा सुटल्यावर मोठीं मुलें आपापल्या वस्तींतून विचारून येतात: कोणतें झाड फुललें, माशा पराग कोणत्या रंगाचा आणतात, कोणाच्या पेटींत काय दिसलें. तें मुलांच्याच अक्षरांत, लोक बोलतात त्याच शब्दांत लिहितों. वहीला आतां पांच वर्षें झालीं. पहिल्या वर्षीं ती पोरखेळ वाटली. तिसऱ्या वर्षीं लक्षांत आलें कीं नदीकांठचें जांभूळ आणि माळावरचें जांभूळ ह्यांच्या फुलण्यांत किती दिवसांचें अंतर पडतें. मग दोघां मधपाळांनीं पेट्या एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं हलवून दोन वेळां मध काढला. कोणत्याहि छापील चोपडींत आमच्या ओढ्याचें जांभूळ मिळालें नसतें.

दुसरें, आठवडेबाजाराच्या दिवशीं ग्रामपंचायतीच्या ओट्यावर अर्धा तास वाचन होतें. इंग्रजी किंवा हिंदी पत्रक आलें कीं मी व आमच्या शाळेंतील बाई मिळून त्याचें मराठी करतों. बायका जास्त येतात. ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांचे प्रश्न सर्वांत नेमके असतात, हा माझा अनुभव. मागच्या महिन्यांत एका आजीनें विचारलें, "राणी कोंडायची म्हणता, पण कोंडली तर माशा तिला सोडून जात नाहींत कां?" मला उत्तर येत नव्हतें. तो प्रश्न वहींत लिहून, खालीं तारीख घालून मीं महाबळेश्वरला धाडला आहे. ज्या प्रश्नाचें उत्तर आलें नाहीं त्याच्यापुढें तांबडी खूण राहते, आणि ती खूण दर बाजाराला मोठ्यानें वाचली जाते. कचेरीच्या लोकांनीं हें मनावर घ्यावें अशी माझी त्यांना हात जोडून विनंति आहे: पत्राला मराठींत, आठ दिवसांत, जबाबदार माणसाच्या सहीनें उत्तर यावें. "पुढील कार्यवाहीसाठीं" हें शब्द माशीला कळत नाहींत.

आणि आजारी पोळें सांपडलें तर तें लपवूं नका. लोक लपवितात, गांवांत नांव जाईल, मध विकला जाणार नाहीं, अशी भीति वाटते. मधाला ह्या रोगानें कांहीं होत नाहीं, माणसाला तर मुळींच नाहीं. पण एकानें लपविलें कीं पुढच्या वस्तीला सावध होण्यास वेळ मिळत नाहीं. चौकट हलवूं नका, हात आणि सुरी धुवा, आणि त्याच दिवशीं निरोप द्या.

काकी आज ह्या सभेला आल्या आहेत. त्या मागें भिंतीकडे बसल्या आहेत, बोलणार नाहीं म्हणतात. गेल्या सालीं त्यांनीं पुन्हां दोन पेट्या घेतल्या. जांभळाच्या बहरांत त्यांचा मध निघाला. धाकटी मुलगी हिशेब ठेवते. थोरलीनें आपल्या सासरीं, खालच्या वाडींत, पेट्यांसाठीं बैठका करून ठेवल्या आहेत. त्यांची परवानगी घेऊनच मीं ही हकीकत सांगितली.

माझें बोलणें झालें. चहा झाल्यावर शाळेमागील पेटी उघडून दाखवावयाची आहे. निरोगी अळी कशी दिसते तें सर्वांनीं एकदां डोळ्यांनीं पाहून घ्यावें, म्हणजे आजारी अळी ओळखूं येईल. दहा दहा जणांनीं यावें, अंगाला अत्तर-तेल लावलेल्यांनीं जरा लांब उभें रहावें. नोंदवही दारांतल्या टेबलावर ठेवली आहे. ज्याला जें विचारावयाचें असेल त्यानें तें लिहावें, आणि लिहितां येत नसेल त्यानें सातवीच्या मुलींना सांगावें, त्या लिहून घेतील.